दोन चुली, एक चष्मा

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि "वरची ओळ दिसते का, आता खालची दिसते का" असं विचारत बसायचं, हा माझा धंदा. लोक वयाच्या बाबतीत बोलत नसतील एवढं खोटं नंबराच्या बाबतीत बोलतात. दिसत नसलं तरी अंदाजाने अक्षरं ठोकून देतात, जणू मी त्यांना परीक्षेलाच बसवलंय. मी अशांवर सरळ डाफरते, आणि तरी ते माझ्याकडेच येतात. पण कुणी लाजत लाजत म्हणालं, "चाळिशी लागली वाटतं मला," की माझा आवाज आपोआप खाली येतो. चाळिशी लागली असं एकदा एक माणूस धडधडीत खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यावर माझं सगळं बालपण उभं आहे.

वडील मी जन्मायच्या आधीच गेले होते. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा आवाजही आठवत नाही. मावशी आली, माझं गाठोडं उचललं, मला उचललं आणि घरी घेऊन गेली. ती लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्या हातांना कायम गरम कापडाचा वास असायचा आणि तोंडाला कात्रीसारखी धार. घरात काका होते. काका शहरातली बस चालवायचे. हे काका माझे कोण आणि मावशीचे कोण, हे बाहेर सांगणं त्या काळी गुन्हा होता. बोलण्याची पद्धत म्हणून गुन्हा म्हणत नाही, खरोखरचा, कलम लागणारा.

झालं होतं असं की काकांचं तरुणपणी लग्न झालं होतं आणि बायको त्यांना सोडून निघून गेली होती. कुठे गेली हे कुणालाच कळलं नाही. धर्म म्हणायचा, लग्न जन्मभराचं. आणि आमच्याकडचा कायदा धर्माने डोळे वटारले की लगेच मान डोलवायचा, त्यामुळे घटस्फोट नावाची गोष्टच नव्हती. काका जन्मभर नवरे राहणार होते, बायको नसलेले. त्यात भर म्हणून गृहशील कायदा आला. लग्न न झालेल्या बाईने आणि पुरुषाने एका घरात राहायचं नाही. राहिले तर पुरुषाला तुरुंग, बाईला दंड, आणि घरात मूल असेल तर मुलाची रवानगी बालगृहात, "वाईट संस्कारांपासून दूर".

आता एका घरात म्हणजे काय, हे कायद्याला ठरवावं लागलं. पुष्कळ डोकेफोड करून त्यांनी ठरवलं की एक दार आणि एक चूल म्हणजे एक घर. झालं! आमच्या गल्लीतल्या सुताराने दोन दिवस ठोकठोक करून घराच्या मधोमध लाकडी भिंत उभी केली, पलीकडच्या खिडकीचं दार केलं आणि एका घराची दोन घरं झाली. भिंतीला मावशीच्या बाजूने एक कपाट होतं. त्या कपाटाला मागची फळी नव्हती. काका रोज रात्री बस डेपोत लावून पलीकडच्या दाराने आत जायचे आणि कपाटातून, लटकलेल्या कपड्यांत मुंडकं अडकवत, जेवायला इकडे यायचे. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी माणसं कपाटातून येतात.

मग प्रत्येक गोष्ट दोन दोन आली. दोन पायपुसणी, दोन झाडू, दोन कचऱ्याचे डबे, दोन साबण. मावशी या बाबतीत फार काटेकोर होती. काकांच्या बाजूला शेगडी मांडली, भांडी मांडली, पण त्यावर कुणी काही शिजवत नव्हतं, म्हणून ती दुकानात ठेवल्यासारखी चकचकीत दिसायची. एक दिवस मावशी कमरेवर हात ठेवून त्या शेगडीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "एकट्या पुरुषाची शेगडी अशी असते होय? एक नजर टाकली तरी कळेल." तेव्हापासून दर आठवड्याला काकांनी मुद्दाम दूध उतू घालवायचं असा नियम झाला. काकांना जीव लावून काम करायची सवय. उतू घालवायलाही ते स्टूल घेऊन समोर बसायचे.

"अहो, लक्ष नका देऊ, म्हणजे आपोआप जाईल," मावशी कपाटातून ओरडायची.

"लक्ष न देता काही करायला जमत नाही मला," काका म्हणायचे.

हसायचो आम्ही, पण घरात धाकधूक असायची. कोपऱ्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहायची. तिची मुलगी शाळेत माझ्या शेजारी बसायची. एका सकाळी तपासणीवाले आले. त्यांना एका ग्लासात दोन दात घासायचे ब्रश सापडले, आणि त्या दिवसापासून माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. शिवणवाली नंतर रोज शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन उभी राहायची, मुलगी तिथे नाही हे माहीत असूनही. मावशीने घरी येऊन आमचे ब्रश तपासले, मग मला घट्ट धरून बसली. मला नेलं तर ती काय करेल हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. मला रात्री कपाटाचा आवाज आला की बरं वाटायचं, एवढंच मला माहीत.

तपासणीला दोघे यायचे, एक पोलीस खात्याचा आणि एक प्रार्थनाघराचा. पोलीस खात्याचे साहेब घरात शिरले की पातेली उघडून वास घ्यायचे, त्यामुळे गल्लीने त्यांना हुंगेसाहेब नाव ठेवलं होतं. प्रार्थनाघराकडून गुरुजी. उंच, सडसडीत, चाळिशीच्या अलीकडचे. आम्ही पोरं त्यांना फूटपट्टी म्हणायचो. ते सरळ चालायचे आणि सरळ बोलायचे, आणि खोटं कधीच बोलायचे नाहीत. एका लग्नात यजमानाने कौतुकाने विचारलं, "स्वयंपाक कसा झालाय गुरुजी?" तर म्हणाले, "खारट." मंचावर उभे राहून ग्रंथ वाचायचे तेव्हा ग्रंथ उघडायचेही नाहीत, सगळा पाठ. गृहशील कायद्याचा मसुदा ज्यांनी लिहिला त्यांत ते होते. तपासणीच्या वेळी ज्या जबाबावर सही घ्यायचे, त्याचा मजकूर तर त्यांनी एकट्याने लिहिलेला. तो अख्ख्या गावाला मंचावरून वाचून दाखवला होता त्यांनी, त्यामुळे आम्हा पोरांनाही अर्धामुर्धा येत होता.

ते आमच्याकडे आले सुट्टीच्या दिवशी सकाळी. कुणीतरी निनावी तक्रार केली होती.

आधी मावशीच्या दाराने आत आले. हुंगेसाहेब थेट स्वयंपाकघरात. गुरुजी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले आणि त्यांनी जबाबाचा कागद पुढे केला. जबाब ज्याचा त्याने स्वतः वाचायचा, हा नियम होता, कारण आधी कुणीतरी "मला चुकीचं वाचून दाखवलं" म्हणून सुटलं होतं. मावशीने रेडिओशेजारच्या खिळ्यावरचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, ओळीवरून बोट फिरवत वाचलं. सही करत होती तेवढ्यात हुंगेसाहेब आतून आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कुठे झोपतेस गं?"

"इथे. मावशीजवळ," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"आणि शेजारी कोण राहतं?"

"शेजारचे काका." हे मला शिकवलेलं होतं.

"चला," हुंगेसाहेब मावशीला म्हणाले, "तुम्हीही चला. त्या भिंतीबद्दल दोघांना समोरासमोर विचारायचंय मला."

मावशीने चष्मा डोक्यावर सरकवला, माझा हात धरला, आणि आम्ही रस्त्यावरून फिरून काकांच्या दाराशी गेलो. काकांनी दार उघडलं. चेहरा असा, जणू बसच्या स्टिअरिंगवर बसलेत. हुंगेसाहेबांनी आत जाऊन शेगडी पाहिली. आदल्याच दिवशीचं उतू गेलेलं दूध त्यावर तपकिरी होऊन चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने खरवडलं आणि नाक मुरडलं. "एकट्या पुरुषाचं स्वयंपाकघर!" म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. मावशीने माझा हात हळूच दाबला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पायपुसणं, झाडू, साबण, डबा, कशात म्हणून चूक नव्हती.

मग गुरुजींनी काकांच्या हातात जबाब दिला. हुंगेसाहेब मावशीला भिंतीचं विचारू लागले, कधी बांधली, कुणी बांधली, का बांधली. मावशी पढवल्यासारखी उत्तरं देत होती. काकांनी कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक केले. आणि मग, कागदावरची नजर न काढता, डावा हात शेजारी पसरला. तळवा वर.

मावशीनेही तिकडे बघितलं नाही. बोलता बोलता तिने डोक्यावरचा चष्मा काढला, बाहीला पुसला आणि त्या तळव्यावर ठेवला. काकांनी तो डोळ्यांवर चढवला आणि वाचायला सुरुवात केली.

आमच्या घरी रोज संध्याकाळी हेच व्हायचं. मावशी पेपर वाचायची, मग काका पेपर ओढायचे, हात पसरायचे, चष्मा यायचा. दोघांचा नंबर एक. दोन साबण आणले, दोन झाडू आणले, दोन चुली मांडल्या. चष्मा दोन हवेत हे मावशीच्या डोक्यात आलं नाही. तो दोघांचा एक आहे हेच ती विसरून गेली होती, जसं आपल्याला एक नाक आहे हे आपण विसरलेले असतो.

हुंगेसाहेब बोलायचे थांबले. आधी चष्म्याकडे पाहिलं, मग मावशीच्या बाहीकडे.

"बाई," ते फार गोड आवाजात म्हणाले, "तुमचा चष्मा यांना बरा बसतो?"

काकांचे ओठ हलायचे थांबले. मावशीच्या हाताला एकदम घाम आला, तो मला माझ्या हाताला जाणवला. मला शाळेतली ती रिकामी जागा दिसली. आता माझीही जागा तशीच राहणार, आणि मावशी फाटकाशी येऊन उभी राहणार, एवढं मला त्या वयातही स्वच्छ कळलं.

"चष्मा माझा आहे," गुरुजी म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. काकासुद्धा.

"तुमचा?" हुंगेसाहेब म्हणाले.

"माझा. मघाशी तुम्ही आत होतात तेव्हा मीच यांना वाचायला दिला. आपण घरोघर सह्या घेत फिरतो, निम्म्या लोकांकडे चष्मा नसतो."

"पण गुरुजी, तुम्हाला कधी चष्म्यात पाहिलं नाही."

गुरुजींचे कान लाल झाले. खरंच झाले, मी पाहिलं.

"चाळिशी लागली," ते म्हणाले. "लपवत होतो. माणसाला वाटतं, लोकांना कळू नये."

"आणि मंचावर वाचता ते?"

"ग्रंथ मला पाठ आहे. हे सरकारी मराठी मात्र डोळ्यांनीच वाचावं लागतं."

हुंगेसाहेब हसले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. त्यांनी काकांच्या नाकावरचा चष्मा स्वतः काढला आणि गुरुजींच्या पुढे धरला. "मग वाचून दाखवा ना जबाब. आम्हालाही बघू द्या तुम्ही चष्म्यात कसे दिसता."

गुरुजींनी चष्मा घातला. कागद समोर धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "मी देवाला साक्ष ठेवून सांगतो, की या कागदावरचं आणि माझ्या तोंडचं प्रत्येक अक्षर खरं आहे. माझ्या घरात परस्त्री अथवा परपुरुषाचा वास नाही. हे खोटं ठरल्यास इथे कायद्याचं आणि तिथे देवाचं शासन मला मान्य आहे." कुठे अडखळले नाहीत. शेवटच्या ओळीला आवाज थोडा बसला, इतकंच.

मी उंचीने त्यांच्या कमरेएवढी. मी खालून पाहत होते. कागदाच्या आड, त्या काचांच्या मागे, त्यांचे डोळे मिटलेले होते.

कितीतरी वर्षं मला वाटायचं, त्यांना त्या काचांतून दिसत नव्हतं म्हणून त्यांनी पाठ म्हटलं. पुढे हा धंदा शिकले तेव्हा कळलं की तसं नव्हतं. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला त्या नंबरातून जवळचं दिसतं. त्यांना सगळं वाचता आलं असतं. स्वतःच लिहिलेली ती शपथ खोटी घेताना त्यांना ती बघवत नव्हती.

मग त्यांनी चष्मा काकांना दिला, काकांनी वाचून सही केली आणि चष्मा परत केला. "आभारी आहे, गुरुजी," काका म्हणाले. उसन्या चष्म्याबद्दल माणूस म्हणतो तेवढंच. मावशीला मात्र तेवढंही म्हणायची सोय नव्हती. ती दगडासारखी उभी. गुरुजींनी चष्मा खिशात टाकला. टाकणं भागच होतं, त्यांचा होता ना.

हुंगेसाहेब पुढे निघाले. गुरुजी दारात थांबले, मावशीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही राहता ते मला मान्य नाही. आजही नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दार नीट लावून घ्या," म्हणाले, आणि गेले.

दार लावल्यावर मावशी मटकन खाली बसली. काका तिच्या शेजारी बसले. मग मावशी म्हणाली, "अहो, गुरुजी आपला चष्मा घेऊन गेले," आणि दोघं इतकी हसली की शेवटी दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी मधे बसून होते. दोन्हीकडून मला घट्ट धरलं होतं.

पुढच्या आठवड्यात दोघांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या रंगांचे दोन चष्मे आणले. तरी संध्याकाळी पेपर वाचताना काकांचा हात पसरायचाच. मावशी त्यावर एक चापटी मारायची.

मावशीचा खरा त्रास निराळाच होता. तिला कुणाचं काही ठेवून घेणं माहीत नाही. कुणी वाटीभर साखर दिली तर हिची दोन वाट्या परत जाणार. आणि इथे एका माणसाने जन्मभर जपलेला खरेपणा आमच्यासाठी मोडला, आणि त्याला "तुमचे उपकार झाले" एवढं म्हणणंसुद्धा शक्य नव्हतं. आभार मानले की गुन्हा कबूल झाला. रस्त्यात गुरुजी दिसले की ती मान खाली घालून बाजूने जायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. "किती दिवस असं गिळून बसू मी?" म्हणायची. लाँड्रीत त्यांचे कपडे आले की ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. त्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी गावात सगळ्यांत कडक असायच्या. इतकंच तिच्या हातात होतं.

गुरुजींनी महिन्याभरातच तपासणीचं काम सोडलं. मंचावरून ते पूर्वीसारखेच पापाबद्दल बोलायचे, त्यात फरक पडला नाही. पण मी शाळा संपवत होते त्या सुमारास तो कायदा रद्द करायची चर्चा निघाली, सुनावणी सुरू झाली, आणि एका संध्याकाळी रेडिओवर त्यांचा आवाज आला. काकांनी आवाज मोठा केला.

"हा कायदा लिहिणाऱ्यांत मी होतो," ते सांगत होते. "लोकांना समजावणं माझं काम. मला ते जमेना, म्हणून मी पोलिसांना बोलावलं. पाप आहे हे मी आजही म्हणतो. पण ते माझ्याकडे राहू द्या, मी बोलेन, पटलं तर लोक ऐकतील. शेगड्या खरवडून कुणी सुधारलेलं मी पाहिलं नाही."

कुणीतरी विचारलं, "मग तुम्ही पाहिलंत तरी काय?"

"एक हात पाहिला," गुरुजी म्हणाले. "मी इतकी लग्नं लावली. तसा हात फार थोड्या घरांत दिसला." त्यापुढे कितीही विचारलं तरी बोलले नाहीत.

मावशी उठून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज येत होता. काका रेडिओकडे बघत बसले, डावा हात मांडीवर उताणा.

कायदा गेला. शिवणवालीची मुलगी परत आली, आईपेक्षा उंच होऊन. पुढे घटस्फोटाचाही कायदा आला, आणि मावशी-काकांनी कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या केल्या, ज्याचा त्याचा चष्मा लावून. साक्षीदार मी आणि सुतार. त्यानेच मग भिंत पाडली. गुरुजींना मात्र त्या साक्षीनंतर प्रार्थनाघराने काढून टाकलं, आणि ते गाव सोडून गेले. मावशी चौकशीला गेली होती. तिथल्या नव्या माणसाने दारातूनच हात हलवला. बहिणीकडे गेलेत म्हणे, कुठे ते ठाऊक नाही. मावशीचे आभार तसेच राहिले, इस्त्री करून ठेवलेल्या पण कुणी न्यायला न आलेल्या कपड्यांसारखे.

गेल्या महिन्यात दुपारी दुकानात कुणी नव्हतं. एक म्हातारा आला. उंच, पण आता जरा वाकलेला. त्याने रुमाल उलगडून माझ्यापुढे एक चष्मा ठेवला.

"याचा स्क्रू पडलाय. बसवून द्या. परत करायचाय."

तपकिरी फ्रेम. एका काडीच्या सांध्याला तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ती तार काकांनी बसच्या जुन्या वायरीतून काढून गुंडाळली होती, माझ्यासमोर. मी काउंटरला धरून उभी राहिले.

"कुणाला परत करायचाय?" मी विचारलं.

"होती एक बाई. लाँड्रीत होती. आता गावात आहे की नाही तेही माहीत नाही. शोधणार आहे."

"गुरुजी," मी म्हटलं.

"मी आता कुणाचा गुरुजी नाही." मग त्यांनी नीट पाहिलं. स्वतःच्या कमरेच्या उंचीवर हात धरला आणि तो हळूहळू माझ्या डोक्यापर्यंत वर नेला. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी त्यांना नंबर तपासायच्या खुर्चीत बसवलं. माणूस गडबडला की हातातल्या कामाला लागतो.

"खालची ओळ दिसते?"

"नाही."

"अंदाजाने सांगा."

"अंदाजाने बोलत नाही मी."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी काचा बदलत गेले. जवळचं वाचायला त्यांना कोणता नंबर लागतो ते निघालं, तेव्हा मी रुमालातला चष्मा यंत्राखाली धरून पाहिला. तोच नंबर. पाव नंबराचाही फरक नाही.

"वापरतोय मी तो," गुरुजी खाली बघत म्हणाले. "डोळे अधू झाले तेव्हा घरात दुसरा नव्हता. घालून पाहिला तर बरोबर बसला. दुसऱ्याची वस्तू, सांगितल्याशिवाय. एका खोट्यापाठी हे दुसरं."

मी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना घरी नेलं.

मावशी दारातच होती. तिने त्यांना ओळखायला एक क्षणही घेतला नाही. इतकी वर्षं मनात घोळवून ठेवलेलं सगळं आता धडाधड बोलेल असं मला वाटलं. काय काय बोलायचं हे ती मला कैकदा ऐकवून बसली होती. पण कात्रीसारखं तोंड, आणि आयत्या वेळी बंद. काका खुर्चीतून उठायला धडपडत होते, गुडघ्यांनी त्यांना सोडलंय आता.

गुरुजींनी चष्मा पुढे केला. "तुमची वस्तू, बाई. उशीर झाला. मी रोज त्या खोट्याची क्षमा मागायला बसतो. क्षमा मागायची तर पश्चात्ताप व्हायला हवा, असं मीच लोकांना सांगत आलो. तो काही केल्या होत नाही. तेवढं एक माझ्याकडून राहिलंय."

मावशीने चष्मा घेतला. उलटसुलट करून पाहिला, तारेवरून अंगठा फिरवला. मग बाहीला पुसला आणि गुरुजींचा हात धरून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"हा तुमचाच आहे, गुरुजी," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हीच सांगितलंत ना. मी देते म्हटल्यावर तुमचाच झाला की नाही? मग खोटं कुठे राहिलं त्यात?" तिने त्यांचा हात सोडला नाही. "तुमच्यामुळे ही पोर माझ्याकडे राहिली. तुमचे उपकार झाले. फार वर्षं म्हणायचं होतं मला हे. तुमचे फार उपकार झाले हो."

गुरुजी उभेच. काकांनी मांडीवरचा पेपर उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "बसा," ते म्हणाले, "आणि वाचा जरा मोठ्याने. आमच्या दोघांचे चष्मे कुठे ठेवलेत देव जाणे."

गुरुजी बसले. त्यांनी चष्मा घातला, पेपर उघडला आणि पहिलीच बातमी वाचायला लागले. पाणीकपातीची होती. एका शब्दाला अडले, पेपर जरा जवळ घेतला, पुन्हा वाचलं. मी समोर उभी राहून पाहत होते. डोळे उघडे होते.